दुकानाची धार

“...मग कमी काय आहे, तेवढं तरी सांगाल की नाही?”

बसवंतने हे तिसऱ्यांदा विचारलं.

 तातोबा मेस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्या टोकाकडे बघितलं आणि पुन्हा कानावर ठेवून दिली.

पेटी दोघांच्या मध्ये बाकड्यावर होती. हत्यारांची पेटी. अस्सल सागाची, दोन हात लांब, वीतभर रुंद, वीतभर उंच. उचलायला वर जांभळीची मूठ, तळहाताच्या वळणावर घासून काढलेली. अख्ख्या पेटीत एक खिळा नाही, एक स्क्रू नाही. चारही कोपऱ्यांत एका फळीचे दात दुसऱ्या फळीत असे शिरलेले, की सांधा शोधायला नख फिरवावं तर नखच घसरून जावं. झाकणाला पॉलिश एवढं, की छपराची कौलं त्यात उलटी दिसत होती.

यंत्र या पेटीच्या वाऱ्यालाही उभं राहिलेलं नव्हतं. करवत, रंधा, पटाशी. बस्स. आणि पस्तीस दिवस.

“सांधे बघितलेत?” बसवंत म्हणाला.

“बघितले.”

“गुण्या लावून बघितलात?”

“लावला.”

“काटकोनात आहे ना?”

“हाय.”

“मग?”

मेस्त्रींनी पेटीवरून हात फिरवला. हात थोडा थरथरत होता. गेल्या वर्षापासून तो तसाच थरथरायचा.

“देखणी हाय,” ते म्हणाले.

दुसऱ्या कुणाची छाती हे ऐकून फुगली असती. बसवंतची फुगली नाही. पाच वर्षांत तो एवढं शिकला होता, की वस्ताद एखाद्या कामाला देखणं म्हणाले म्हणजे त्या कामाचं काहीतरी बिनसलेलं आहे.

त्या खोऱ्यात सुताराला मेस्त्री कधी म्हणायचं, याचा एक रिवाज होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून त्यात पळवाटही नव्हती.

तातोबांच्या शेडमध्ये पाच वर्षं काढायची. पहिली दोन वर्षं धार लावायची, भुसा झाडायचा आणि गप्प बसायचं. मग हळूहळू हात चालवायचा. पाचव्या वर्षी स्वतःची हत्यारांची पेटी स्वतः बनवायची आणि बाकड्यावर आणून ठेवायची. वस्तादांना ती पटली, तर ते भिंतीच्या खिळ्यावरची, लाकूड कोरायची आपली वापरातली एक पटाशी काढत आणि त्या पेटीत ठेवत.

एवढंच. हार नाही, भाषण नाही, फोटो नाही.

पण संध्याकाळच्या आत बातमी खोरंभर व्हायची. अमक्याच्या पेटीत तातोबांची पटाशी पडली. आणि मग तो अमका कुणाच्याही घराच्या आढ्याला, कुठल्याही देवळाच्या दाराला हात लावायला मोकळा. ज्याच्या पेटीत ती पडली नाही, त्याने जन्मभर खुर्च्यांचे पाय ठोकावेत. त्याला कुणी हाकलत नसे. फक्त मोठ्या कामाला कुणी बोलावत नसे.

हल्ली दोन दिवसांच्या शिबिरातही कारागिरीचं प्रमाणपत्र मिळतं. ते चकचकीत कागदावर असतं आणि त्यावर सही करणाऱ्या साहेबाला घरात साधी खुंटी ठोकता येत नाही. हस्तकला वाचवा म्हणून टाळ्या घेणाऱ्यांच्या घरांना दारं असतात ती लाकडाचं चित्र छापलेला कागद चिकटवलेली. तातोबांचा रिवाज निदान खोटं बोलत नव्हता.

“मेस्त्री, मला चारची गाडी हाय बरं का.”

हा आवाज दाराजवळून आला. तिथे लाकडाच्या ओंडक्यावर निंगोळीचे बाळगोंडा पाटील मांडी घालून बसले होते. देऊळ कमिटीचे कारभारी. सकाळी अकराला आले होते आणि तेव्हापासून एक पाय हलवत होते.

निंगोळीच्या गावदेवीचं दार वाळवीने पोखरलं होतं. नवं करायचं, तर लाकूड घरचंच होतं. देवळामागचा दीडशे वर्षांचा फणस तीन वर्षांपूर्वी वादळात पडला. गावाने त्याच्या फळ्या पाडून सावलीत रचून ठेवल्या होत्या. तीन हिवाळ्यांत त्यातली काटकीसुद्धा कुणी चुलीत घातली नव्हती. दार तातोबाच करणार, हे ठरलेलं होतं.

मग तातोबांचा हात थरथरायला लागला.

आता अर्धी कमिटी म्हणत होती, बसवंतला बोलवा. अर्धी म्हणत होती, कशाला ताप, शहरातून तयार दार मागवा. सकाळी फोन केला की दुपारी टेम्पोतून दार हजर. फणस विकून टाका. आज संध्याकाळी बैठक होती आणि त्या बैठकीत पाटलांना एक शब्द सांगायचा होता. बसवंतच्या पेटीत पटाशी पडली, किंवा नाही पडली.

“नुसतं व्हय का न्हाई ते सांगा,” पाटील म्हणाले. “पेटी तर आमच्या देवीच्या दागिन्यांच्या पेटीपेक्षा झ्याक दिसतीया.”

“दिसतीया खरी,” मेस्त्री म्हणाले. मग बसवंतकडे वळले. “भर.”

“काय?”

“हत्यारं भर.”

बसवंत याचीच वाट बघत होता. खरी करामत आतच होती. त्याने झाकण उघडलं आणि पेटी पाटलांच्या बाजूला थोडी कलती केली, त्यांनाही दिसावं म्हणून.

आत तळाशी सागाची एक जाड अखंड फळी बसवलेली होती. तिच्यात अकरा खाचा कोरलेल्या. प्रत्येक हत्याराला त्याच्याच आकाराची. रंध्याला रंध्याची, गुण्याला गुण्याची, हातोडीला हातोडीची. तिन्ही पटाश्यांना तीन, उतरत्या क्रमाने.

त्याने मऊ कापडाची गुंडाळी सोडली. एकेक हत्यार बाहेर आलं. नवंकोरं, आरशासारखं. एकेक हत्यार आपल्या खाचेत जात गेलं. टक्. टक्. टक्.

अकरावं बसलं तेव्हा बसवंतने झाकण न लावता पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि सरळ उलटी केली.

काहीही पडलं नाही.

“आयला!” पाटलांचा हलणारा पाय थांबला. “चिकटवलीत का काय?”

“नाही. कडेनं केससुद्धा जाणार नाही, एवढं माप आहे,” बसवंत म्हणाला. त्याने पेटी सुलटी केली आणि वस्तादांसमोर ठेवली. “बघा ओढून.”

मेस्त्रींनी मधली पटाशी ओढली. ती निघेना. त्यांनी नखाने उचकटून काढली. उजेडात धरली. पात्यावर अंगठा आडवा फिरवला.

“धार कुठली?”

बसवंतने कापडाची घडी घातली.

“धार कुठली रं?”

“...दुकानाची.”

पाटील खदखदून हसले. “दुकानाच्या धारेनं लोणी तरी कापतं का, गड्या? माझी बायको विळीसुद्धा घासल्याबिगर वापरत न्हाई.”

“बेळगावहून आणलीत, पाटील. चांगल्यातलं पोलाद आहे.” बसवंतचे कान लाल झाले. “अजून वापरलेली नाहीत, एवढंच.”

“वापरली न्हाईस,” मेस्त्री म्हणाले.

“नाही.”

“मग पेटी कशानं केलीस?”

“शेडच्या हत्यारांनी. नेहमीच्या.”

“आणि ही?”

“ही नवीन आहेत, वस्ताद. जपून ठेवलीत.”

“कशासाठी?”

“...पेटीसाठी.”

शब्द तोंडातून गेला आणि बसवंतला तो जरा विचित्र वाटला. पण गेला तो गेला. कौलांच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आली होती आणि तिच्यात भुशाचे कण तरंगत होते. 

मग मेस्त्रींनी हातातली नवी पटाशी मऊ कापडावर ठेवली आणि उठले. भिंतीकडे गेले. खिळ्यावरची आपली पटाशी त्यांनी काढली, आता उरलेली एकच.

 पाटील ओंडक्यावरून उतरून उभे राहिले आणि त्यांनी नकळत हात जोडले.

त्या पटाशीचं पातं एके काळी वीतभर असेल. आता ते करंगळीएवढं उरलं होतं. चाळीस वर्षं रोज सकाळी दगडावर घासून घासून. मूठ काळी पडली होती आणि तिच्यावर बोटांच्या जागी पन्हळी पडल्या होत्या. गेल्या वर्षभरात मेस्त्रींनी तिने एक ढलपी काढली नव्हती, तरी रोज तिला धार लावत होते.

त्यांनी ती मधल्या रिकाम्या खाचेत ठेवली.

बापाच्या वहाणेत पोराने पाय घालावा, तशी ती तिथे दिसली. मेस्त्रींनी झाकण लावलं. मुठीला धरून पेटी उचलली आणि हलवली.

खडखड. खडखड. खडखड.

मग झाकण उघडून त्यांनी पटाशी काढली, भिंतीपाशी गेले आणि ती पुन्हा खिळ्याला लावली.

“हे काय?” बसवंत म्हणाला.

मेस्त्री खाली बसले.

“हे काय, वस्ताद? तुमची झिजलीय म्हणून ती खडखडली!”

“व्हय.”

“माझी नवी आहे!”

“व्हय.”

“मग त्यात पेटीचा दोष काय?”

“पेटीचा कायबी दोष न्हाई,” मेस्त्री म्हणाले. “काम न करणाऱ्या माणसाला जन्मभर पुरंल.”

पाटलांनी जीभ चावली.

बसवंत पाच वर्षांत या माणसापुढे एकदाही मोठ्याने बोलला नव्हता. आता बोलला.

“पाच वर्षं झाली, वस्ताद. आयटीआयला पहिला आलो होतो मी, तरी इथे येऊन झाडू मारला. तुमच्या पटाश्या घासल्या, शेकड्यानं घासल्या. शहरातल्या फर्निचरवाल्यानं दोनदा माणूस पाठवला, गेलो नाही. या दारासाठी थांबलो. त्या फणसाच्या फळ्या दर महिन्याला जाऊन पालथ्या करून आलोय मी, वाकू नयेत म्हणून. विचारा पाटलांना!”

“खरं हाय,” पाटील म्हणाले. “स्वताच्या सायकलवर येतोय.”

“आणि तुम्ही एका खाचेसाठी...”

“एक न्हाई,” मेस्त्री म्हणाले. “अकरा हाईत.”

“खाचा बुजवून देतो!”

“दे.”

“तुमच्या पटाशीच्या मापाची वेगळी खाच कोरतो. बारावी. केस जाणार नाही अशी!”

“कोर. उद्या सकाळी तिला पुन्हा धार लावायची हाय मला.”



पाटलांना आता राहवेना. ते पुढे आले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “मेस्त्री, जरा मोठं मन करा. पोरगं हुशार हाय, हात चांगला हाय. आणि आमाला दार पायजे, पेटी न्हवं.”

“मग टेम्पो मागवा,” मेस्त्री म्हणाले.

ते काही रागाने म्हणाले नाहीत. भाकरीला मीठ कमी आहे असं सांगावं, तसं म्हणाले. बसवंतला ते कानशिलात बसल्यासारखं लागलं. टेम्पो. तीन वर्षं जपलेला फणस आणि टेम्पो.

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बारा वाजत होते.

“पाटील, चारची गाडी ना?”

“चारची.”

“जाऊ नका तोवर.”

त्याने बाकीची हत्यारं उचकटून कापडावर काढली, पेटी उचलली, मऊ कापडावरची नवी पटाशी उचलली, ठोकायची स्वतःची लाकडी मोगरी घेतली आणि बाहेर चिंचेखाली जाऊन बसला.

ती जाड फळी काढायची होती. आत सरस लावून आणि खालून लाकडी खुंट्या मारून त्यानेच ती बसवली होती. निघू नये म्हणून. आता ती त्याच्याच मुळावर आली.

त्याने पटाशी लावली आणि मोगरी हाणली.

पातं लाकडात शिरलंच नाही. लाकूड चेपलं. दुसऱ्यांदा हाणली, तेव्हा ते बोथट टोक उसळलं, कडेवरून निसटलं आणि पेटीच्या बाजूच्या फळीवर बाहेरून कोपऱ्यापर्यंत फरफटत गेलं.

पॉलिशवर वीतभर ओरखडा उठला. पांढरा, वाकडा, खोल.



मागे येऊन उभे राहिलेले पाटील हळहळले. “अरारारा... वाटोळं झालं की रं. आरं, शेडमधली घे एखादी. हितं भिंतीला धा लटकल्यात. पाच मिन्टांत काम हुईल.”

बसवंत उठून शेडपाशी गेला आणि त्याचा हात खरोखरच भिंतीकडे गेला. दारातून आत, सवयीने. पाच वर्षं तो तसाच जात होता. नेहमीच्या पटाशीच्या मुठीला बोटं लागली.

आणि तिथेच थांबली.

“घे की,” पाटील म्हणाले.

“नको.”

“चारची गाडी...”

“माहीत आहे, पाटील.”

त्याने भिंतीवरची पटाशी सोडली. कोपऱ्यातला धारेचा दगड उचलला, तांब्याभर पाणी घेतलं आणि पुन्हा चिंचेखाली येऊन मांडी घातली.

पाच वर्षांत त्याने शेकडो वेळा धार लावली होती. पण त्या सगळ्या जुन्या पटाश्या होत्या. त्यांना आपला कोन ठाऊक होता. दगडावर ठेवली, की पातं आपणहून जागेवर बसायचं आणि हात मागे जायचा. या नव्या पटाशीला काहीच ठाऊक नव्हतं. पाठ सपाट दिसायची, पण मधे पोटाला किंचित फुगीर होती. समोरचा उतार एका बाजूला कलता. आरशासारखं चमकणारं ते पातं दगडावर पहिल्या दहा घासण्यांतच उघडं पडलं.

तो घासत राहिला. पाणी टाक, घास. उलटव, घास. बोटं काळी झाली. चमक गेली. जिथे कंपनीचं नाव कोरलं होतं, तिथलं निम्मं नाव गेलं.

पाटलांनी आधी उभ्याने बघितलं, मग बसून. मग डबा सोडून भाकरी खाल्ली आणि अर्धी बसवंतपुढे धरली.

“खा.”

“नंतर.”

“हात तरी बदल, मर्दा. खांदा उतरंल.”

“बदलून चालत नाही. कोन बदलतो.”

आत मेस्त्री भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. झोपलेत की ऐकताहेत, कळत नव्हतं. दगडावरचा आवाज मात्र शेडमध्ये पोचत होता. सुरुवातीला तो खरखरीत होता. हळूहळू बारीक झाला. एका क्षणी तो जवळजवळ ऐकू येईनासा झाला, तेव्हा मेस्त्रींनी एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

बसवंतने मनगटावरच्या लवेवरून पातं फिरवलं. लव साफ निघाली.

मग मोगरी. या वेळी पटाशी सागात शिरली, शिरायला हवी तशी. पहिली खुंटी कापली. दुसरी कापली. फळीच्या कोपऱ्यात पातं घालून दाबलं, तसा सरस चर्रकन सुटला. रंध्याची खाच फुटली, हातोडीची फुटली. आठ दिवस खपून कोरलेल्या खाचा ढलप्या होऊन चिंचेखाली पडू लागल्या. पहिली पडली तेव्हा त्याला वाईट वाटलं. चौथ्या-पाचव्यानंतर वाटेना.

“आपल्याच पोराला बदडल्यागत चाललंय,” पाटील पुटपुटले.

दीडच्या सुमाराला पटाशी पुन्हा अडखळली. सागाच्या अंगात बारीक वाळू असते. ती कुठल्याही पोलादाची धार खाते, बेळगावच्या असो की विलायतेच्या. बसवंतने कपाळाचा घाम पुसला, तांब्या ओढला आणि पुन्हा दगडाला बसला. या वेळी वीस मिनिटं लागली. पटाशीला आता थोडं थोडं कळायला लागलं होतं.

उठून त्याने तिला पुन्हा फळीत घालायला हात नेला आणि थबकला.

फळी अर्धी फुटली होती, पण मधल्या पटाशीची खाच अजून शाबूत होती. त्याने हातातली पटाशी सहज तिच्यात ठेवली.

टक् झालं नाही.

पात्याच्या टोकापाशी फट होती. फार नाही. पाटलांच्या पिशवीच्या बंदाचा एक दोरा लोंबत होता. बसवंतने तो तोडून घेतला आणि त्या फटीत घातला. दोरा आत गेला.

सकाळी तिथे केस जात नव्हता.

बसवंत बराच वेळ त्या दोऱ्याकडे बघत होता. पाटलांनी विचारलं, “काय झालं?”  त्याने पटाशी उचलली, आणि शाबूत राहिलेली ती खाच एका ठोक्यात फोडली.

तीन वाजेपर्यंत पेटी आतून रिकामी झाली. फुटलेल्या फळीतलीच एक धड पट्टी त्याने कापली, तिला ऐसपैस गाळे पाडले आणि पेटीत आडवी ठोकून बसवली. सरस नाही, खुंटी नाही. उद्या काढून दुसरी बसवता येईल अशी. मग हत्यारं आत उभी केली. ती एकमेकांना टेकून राहिली. बाजूला बरीच मोकळी जागा उरली. तिथे त्याने धारेचा दगड ठेवला. सकाळच्या पेटीत दगडाला जागाच नव्हती. ते तेव्हा त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

त्याने पेटी उचलली. आतून किणकिणाट झाला.

“खुळखुळतीया की रं,” पाटील काळजीने म्हणाले.

“खुळखुळू दे.”

मेस्त्री जागे होते. पेटी समोर आली तसे ते सरळ बसले. त्यांनी ती उलटी केली नाही, सांध्यावर नख फिरवलं नाही. बाहेरच्या ओरखड्यावर फक्त बोट ठेवलं.

“हे पॉलिशनं लपलं असतं.”

“वेळ नव्हता,” बसवंत म्हणाला.

“वेळ असता तर?”

“...तरी नाही.”

मेस्त्रींनी झाकण उघडलं. आतली पटाशी काढली. चमक गेलेली, काळपट, निम्मं नाव पुसलेली. अंगठा आडवा फिरवला. काही विचारलं नाही. तिला जागेवर उभं केलं.

मग गुडघ्यावर हात देऊन उठले. भिंतीकडे गेले, खिळ्यावरची आपली पटाशी काढली, परत आले आणि बसवंतच्या पेटीत ठेवली.

ती दगडाशेजारी आडवी पडली. पडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला.

“झालं!” पाटलांनी टाळीच वाजवली. “झालं निंगोळीचं दार! लई दमवलंत, मेस्त्री. आता मी बैठकीत बघतो एकेकाला. टेम्पोवाल्यांची तोंडं कशी हुत्यात बघा. बसवंता, पाया पड की, बघतोस काय?”

बसवंत वाकला. वस्तादांच्या पायांना हात लावला. उठला तो पेटीवर वाकला आणि त्याने ती जुनी पटाशी बाहेर काढली. दोन्ही हातांवर आडवी घेतली आणि मेस्त्रींसमोर धरली.

“ही नको, वस्ताद.”

पाटलांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “काय म्हणालास?”

“ही नको.”

“खुळा झालास काय रं? ह्याच्यासाठी पाच वर्सं घातलीस! ही पडल्याबिगर तुला मेस्त्री कोण म्हणणार? मेस्त्री, त्याचं काय मनावर घेऊ नका, उन्हात बसून डोकं फिरलंय त्याचं. ठेव ती पेटीत. ठेव म्हणतो ना!”

बसवंतने पाटलांकडे बघितलं नाही. 

“ही तुम्ही झिजवलीत, वस्ताद,” तो म्हणाला. “माझी मी झिजवीन.”

...

चढावर एसटीने भोंगा वाजवला.

मेस्त्रींनी पटाशी त्याच्या हातांवरून उचलली. एकदा आपल्या तळहातावर तोलली. मग भिंतीपाशी गेले आणि तिला खिळ्याला लावली.

पाटील एकदा खिळ्याकडे बघत होते, एकदा पेटीकडे. पिशवी काखेत मारून ते दारापर्यंत गेले आणि तिथेच अडले. गाडी वळणावर आली होती.

“आता मी काय सांगू हो गावात?” ते जवळजवळ ओरडलेच. “पडली म्हणून सांगू का न्हाई पडली म्हणून? एक काय ते सांगा, मेस्त्री! बैठकीत मला लोक फाडून खातील!”

मेस्त्री जागेवर येऊन बसले. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी बसवंतच्या हातात दिली.

“गावात सांगा,” ते पाटलांना म्हणाले, “जुनं दार उतरून ठेवा म्हणावं.”